कपलर ओरेगॉनचा, खडी घाटातली: एचओ लेआउटसाठी काय विकत घ्यावं आणि काय नाही

मॉडेल रेल्वेच्या परदेशी सामानाची ऑर्डर भरताना बहुतेकांचा हात चुकीच्या कप्प्यात जातो. गवताची पाकिटं, झाडांचे डबे, खडीच्या बरण्या, डोंगराचं कापड यांनी खोकं भरतं, आणि कपलरच्या (दोन डबे एकमेकांना जोडणाऱ्या आकड्याच्या) वेळी ‘गाडीबरोबर आलेत तेच चालवू’ असं होतं. खरं तर हिशोब उलटा हवा. सीनरीतलं तीन चतुर्थांश सामान हार्डवेअरच्या दुकानात, केमिस्टकडे आणि घाटातल्या रस्त्याकडेला मिळतं. चांगला कपलर मात्र तिथे मिळत नाही आणि घरी करता येत नाही.

म्हणून सुरुवात केडीच्या कपलरपासून. कीथ आणि डेल एडवर्ड्स या जुळ्या भावांची ही कंपनी, नावही त्या दोघांच्या आद्याक्षरांवरून. कारखाना अमेरिकेत ओरेगॉन राज्यात व्हाइट सिटीला. एचओ म्हणजे १:८७ प्रमाणात त्यांचे दोन नमुने विचारात घ्यायचे: जुना नंबर ५ आणि नवा नंबर १४८. दोन्हींचं डोकं धातूचं आणि एकाच मापाचं, दोन्ही एकमेकांना बिनतक्रार लागतात. फरक आहे तो कपलर मध्यावर परत आणणाऱ्या स्प्रिंगमध्ये. नंबर ५ला ब्राँझच्या पत्र्याची वेगळी स्प्रिंग असते. ती डब्यात (कपलर बसवायची छोटी पेटी, गाडीचा डबा नव्हे) आधी बसवायची, वर कपलरची दांडी, मग झाकण. १४८च्या दांडीलाच दोन्ही बाजूंना मांजराच्या मिशांसारख्या बारीक तारा असतात. डब्यात टाका, झाकण लावा, झालं. गाडीबरोबर आलेल्या डब्यातही १४८ बहुतेक वेळा तसाच बसतो, तिथे नंबर ५च्या पत्र्याला जागा नसते. नव्याने घेणाऱ्याने सरळ १४८ घ्यावा. एका पाकिटात दोन जोड्या, म्हणजे दोन वॅगनची सोय.

पाकिटातून काढला आणि लावला, असं मात्र करू नये. दांडीवर ओतकामाची बारीक कड राहिलेली असते. नखाला लागते, डोळ्याला दिसत नाही. बारीक कानशीने दोन हात मारून ती घालवावी, नाहीतर वळणावर कपलर एका बाजूला अडकून राहतो आणि पुढच्या सरळ रुळावर गाडीचा डबा उतरतो. मग कोरडी ग्रॅफाइट पूड. केडीची स्वतःची ‘ग्रीझ-एम’ याच कामाची आहे. चिमूटभर पूड डब्यात, चिमूटभर नकलच्या सांध्यात (नकल म्हणजे कपलरचं मिटणारं बोट). तेल कधीही नाही, शिलाई मशीनचंसुद्धा नाही. तेलाला धूळ चिकटते, आणि वेदरिंगची (गाडी जुनी, मळकी दिसावी म्हणून लावायची) पावडर तर चिकटतेच. महिन्याभरात आत काळी पेस्ट होते. कपलर बोटाने बाजूला ढकलून सोडला की टचकन मध्यावर आला पाहिजे. रेंगाळत आला तर पुन्हा कानस.

कपलरसोबत घ्यायची दुसरी वस्तू म्हणजे उंचीचा गेज, नंबर २०५. पहिली ऑर्डर अगदी छोटी असली तरी हा वगळू नये. रुळाच्या माथ्यापासून कपलरच्या मध्यापर्यंत २५/६४ इंच, म्हणजे सुमारे ९.९ मिमी, हे माप डोळ्यांनी जुळत नाही. गेज धातूचा आहे, दोन्ही रूळ जोडतो, त्यामुळे रुळात करंट असताना ठेवला तर शॉर्ट होतो. त्याचाच इन्सुलेटेड भाऊ म्हणजे २०६. लेआउटवर ठेवून तपासायचं असेल तर तोच घ्यावा.

गेजच्या खालच्या पायरीवर ट्रिप पिन तपासायची. कपलरखाली लोंबणारी, ब्रेकच्या होजपाइपसारखी दिसणारी वाकडी तार म्हणजे ट्रिप पिन. ती रुळाच्या माथ्यापासून साधारण पाऊण मिमी वर हवी. खाली आली तर सांध्यावर, लेव्हल क्रॉसिंगवर आणि खडीच्या चुकार कणांवर अडकते. वर गेली तर कपलर सोडवणारा रुळातला चुंबक तिला ओढू शकत नाही. वाकवायला केडीची खास पक्कड येते. साध्या नोज प्लायरने वाकवताना सगळा जोर कपलरच्या डोक्यावर येतो आणि पिन भोकात सैल होते. ती वाकडी कमान खालून पोकळ धरणारी पक्कडच लागते, म्हणून हा खर्च वाजवी आहे.

कपलर उंच-सखल निघाला तर दोन उपाय. फरक थोडा असेल तर बोगीच्या (डब्याखालच्या चाकांच्या फिरत्या चौकटीच्या) खिळ्याखाली फायबरचा पातळ वॉशर. ते ०.०१० आणि ०.०१५ इंच जाडीचे मिळतात. फरक जास्त असेल तर दांडी वर आणि डोकं खाली असलेला किंवा याच्या उलट नमुना मागवायचा. कपलरचा डबा गोंदाने वर-खाली चिकटवून भागवणं म्हणजे दोन महिन्यांनी पुन्हा तेच काम. सुपरग्लू केशाकर्षणाने डब्याच्या फटीतून आत शिरतो आणि कपलर कायमचा जाम होतो. स्क्रूच लावावा. केडीचा मूळ स्क्रू २-५६ मापाचा. तो संपला तर १.६ मिमीचं भोक पाडून एम२चा टॅप मारा. एम२ स्क्रू डब्याच्या भोकातून आरामात जातो आणि घड्याळ-मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो.

आता आपल्याकडची खास अडचण. भारतीय ब्रॉडगेजवर बफर आणि कपलरच्या मध्याची उंची रुळापासून १०३० ते ११०५ मिमी. ११०५ला ८७.१ने भागलं की १२.७ मिमी येतात. केडीचा गेज सांगतो ९.९. म्हणजे मापात बनवलेल्या बॉक्सएन वॅगनवर (कोळशाची उघडी मालवॅगन) केडीच्या उंचीला कपलर लावला तर तो पावणेतीन मिमी खाली लोंबतो आणि हेडस्टॉकखालून (वॅगनच्या टोकाची आडवी तुळई) डोकावतो. डोक्याचा आकार मात्र बरोबर जुळतो, कारण आपला सीबीसीही (सेंटर बफर कपलर) अमेरिकी घराण्यातलाच. मग काय करायचं? ज्यांच्याकडे परदेशी इंजिनं आणि भारतीय वॅगन मिसळून धावतात त्यांनी निमूटपणे ९.९ धरावं. हेडस्टॉकखाली काळ्या रंगाची सावली आणि दोन होजपाइप लावले की फूटभर अंतरावरून खटकत नाही. ज्यांचा संपूर्ण रेक स्वतः बांधलेला आहे त्यांनी १२.७ धरायला हरकत नाही, पण मग सगळीकडे तेच, आणि गेजही स्वतःचा करून घ्यायचा. अर्धा रेक एका मापाचा आणि अर्धा दुसऱ्या, हे चालत नाही. (हुबेहूबपणाबद्दल फार भांडणाऱ्याला एकच विचारावं: १६७६ मिमीचा ब्रॉडगेज १:८७त १९.२ मिमी होतो, आणि धावतोय १६.५च्या रुळावर. ते चालतं ना?)

स्क्रू कपलिंग आणि बाजूच्या बफरच्या आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या) प्रवासी डब्यांना वेगळा विचार लागतो. युरोपीय पद्धतीचा एनईएम खोबणीचा डबा असेल तर केडीचे १७ ते २० हे चार नमुने त्या खोबणीत थेट बसतात. १७ सर्वांत आखूड, २० सर्वांत लांब. आखूड लावला की गाडी सुंदर दिसते, डबे जवळ येतात, आणि पहिल्याच वळणावर बफर बफरात अडकून डबा बाहेर पडतो. निवड तुमच्या सर्वांत तीव्र वळणावर करायची. दोन डबे तिथे उभे करा, हाताने मागे ढकला, आतल्या बाजूच्या बफरमध्ये कागद सरकेल इतकी फट राहिली तर तो नंबर बरोबर. शंका आली तर एक नंबर लांब घ्या.

नंबर १५८ हा खऱ्या मापाच्या डोक्याचा नमुना. ५ आणि १४८चं डोकं मापापेक्षा थोडं मोठं आहे, फोटोत ते कळतं. १५८ खरोखर देखणा आहे. पण डोकं लहान म्हणजे एकमेकांत अडकणारी उंचीही कमी, आणि त्याचा त्रास होतो चढावर. कर्जत-लोणावळ्याचा भोर घाट १:३७चा, म्हणजे मीटरला २७ मिमी. सपाट फळीवरून एकदम १:३७वर गाडी चढवली की त्या कोपऱ्यावर एका डब्याचं नाक वर, दुसऱ्याचं खाली, आणि कपलर एकमेकांवरून निसटतात. आधी हातभर १:१५०, मग हातभर १:७५, मग पूर्ण चढ, असं करावं. एवढं करूनही घाटाचा लेआउट असेल तर १४८च बरा. १५८ सपाट यार्डासाठी आणि काचेच्या कपाटासाठी.

घाट म्हटला की मागे बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, आलाच. खऱ्या गाडीला कर्जतला मागून बँकर लागतात आणि चढ संपल्यावर सुटतात. मॉडेलवर हा प्रयोग केला की कपलरची सगळी पापं बाहेर येतात. कपलरचा डबा बोगीवर लावलेला असेल तर मागून ढकलताना जोर बोगी तिरकी करतो आणि चाक चढतं. डबा वॅगनच्या शरीरालाच हवा. दुसरं म्हणजे वजन. अमेरिकेतल्या एनएमआरए या संस्थेचा ठोकताळा असा: एचओसाठी १ औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. बॉक्सएनची कपलरसह लांबी १०७१३ मिमी, मॉडेलमध्ये १२३ मिमी, म्हणजे ४.८ इंच. हिशोब येतो ३.४ औंस, सुमारे ९७ ग्रॅम. विकतच्या रिकाम्या वॅगनमध्ये याच्या निम्मंही वजन नसतं. फरक कोळशाच्या लोडखाली भरावा. नट, शिशाचे छर्रे, काहीही चालेल, फक्त मधोमध आणि तळाला.

सोबत येणारे किंवा स्वस्तात मिळणारे प्लॅस्टिकचे नकल कपलर याच परीक्षेत नापास होतात. त्यांची स्प्रिंग म्हणजे प्लॅस्टिकचीच बारीक पट्टी. सतत ताणाखाली ती वाकते आणि वाकलेलीच राहते, उन्हाळ्यात माळ्यावरच्या खोलीत तर लवकरच. पाच-सहा डब्यांना काही होत नाही. वीस वॅगन ओढल्या की पुढून तिसरी-चौथी वॅगन सुटायला लागते, आणि तुम्ही रूळ तपासत बसता. दोष रुळाचा नसतो. सगळे एकदम बदलणं परवडत नसेल तर इंजिनाच्या मागच्या पाच-सहा वॅगनपासून सुरुवात करावी, कारण सर्वांत जास्त ओढ तिथेच असते.

चुंबकाने सुटणं हे केडीचं प्रसिद्ध कौतुक. रुळांच्या मध्ये चिकटवायचा चुंबक नंबर ३२१, रुळाखाली पुरायचा मोठा ३०८. काम छान होतं: चुंबकावर थांबा, किंचित मागे या, नकल उघडतात, मग न जुळवता डबा हव्या त्या जागी ढकलून सोडा. पण हे कायमचे चुंबक आहेत, कोण सुटायचं आणि कोण नाही ते त्यांना कळत नाही. मुख्य मार्गावर किंवा उतारावर लावला तर डबे एकमेकांवर रेलतात, ताण जातो आणि गाडी आपोआप तुटते. जागा फक्त सरळ, सपाट यार्डातली. दुसरं, स्टीलचे अक्ष असलेल्या हलक्या वॅगन चुंबकाकडे आपणहून घरंगळतात. त्यांना पितळी अक्ष घालावे लागतात. आणि ३०८ बसवायचा तो रूळ टाकण्याआधी, खडी पडल्यावर त्याला जागा करता येत नाही. छोट्या लेआउटवर मात्र चुंबकाचा खर्च टाळावा. विझलेल्या उदबत्तीची बांबूची काडी धुऊन, टोकाला चाकूने चपटी करून दोन नकलांच्या मध्ये घातली आणि किंचित पिळली की कपलर सुटतात. घरात देवघर असेल तर काड्या संपत नाहीत.

आता सीनरी. इथे खिशाला आराम.

वुडलँड सीनिक्सचं प्लास्टर क्लॉथ, सी१२०३, ८ इंच रुंद आणि १५ फूट लांब, म्हणजे ०.९३ चौरस मीटर. माल उत्तम, प्लास्टर सारखं बसवलेलं, भुगा कमी पडतो. पण हीच गोष्ट कोणत्याही केमिस्टकडे ‘प्लास्टर ऑफ पॅरिस बँडेज’ म्हणून मिळते, मोडलेल्या हाताला घालतात तीच. १५ सेंमी रुंद, २.७ मीटर लांब रोल घेतला तर ०.४ चौरस मीटर. असे सव्वादोन रोल म्हणजे एक परदेशी रोल. किमतीत तुलना होत नाही. फरक एवढाच की दवाखान्यातलं प्लास्टर लवकर धरतं, तीन-पाच मिनिटांत. त्यामुळे हातभराचे तुकडे आधी कापून ठेवायचे, एक-एक थंड पाण्यात बुडवायचा, बुडबुडे थांबले की काढायचा, निम्मा निम्म्यावर येईल असा टाकायचा आणि ओला असतानाच तळव्याने चोळून जाळीची भोकं बुजवायची. कोमट पाणी घेतलं तर हातात असतानाच आवळतं. खाली थर्माकोल किंवा पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी, दोन थर पुरेत. कागदाचा लगदा आणि खळ वापरणारेही आहेत. वजन जास्त, वाळायला आठवडा, आणि झुरळांना मेजवानी. खळीत मोरचूद घालतात ते बुरशीसाठी ठीक, पण तो लोखंडाला खातो, म्हणून रुळाजवळ नको.

सह्याद्रीचा कडा हा प्रकार मात्र कोणत्याही परदेशी साच्यात मिळत नाही. विकतचे रबरी साचे वळ्यांचे, तिरक्या थरांचे, भेगाळ खडक देतात. आपल्याकडे लाव्हाचे थर आडवे: एक उभा काळा कडा, त्याखाली झाडीचा उतार, पुन्हा कडा. थर्माकोलच्या शीटा आडव्या रचून, कडा उभ्या मोडून, त्यावर प्लास्टर हा सगळ्यात सोपा मार्ग. मोडायचं, कापायचं नाही. सुरीने कापलेला कडा पावासारखा दिसतो. कोकण रेल्वेचा लेआउट असेल तर सगळंच बदलतं: जांभ्याचे कातीव, जवळजवळ उभे कापे, तांबूस तपकिरी, वरून पावसाळ्यातली शेवाळी काळपट ओघळ. तिथे कापलेलंच बरोबर.

खडीवर थोडं थांबावं लागेल, कारण सीनरी आणि कपलर एकमेकांच्या वाटेत येतात ते इथे.

खऱ्या रुळाखालची खडी साधारण २० ते ६५ मिमीची. ८७ने भागलं की पाव ते पाऊण मिमी. विकतची ‘मीडियम’ म्हणून येणारी खडी यापेक्षा जाड वाटते. रुळाशेजारी धोंडे पडल्यासारखे दिसतात. ‘फाइन’ घ्यावी. वुडलँडची खडी अक्रोडाच्या कवचाची असते, वजनाला हलकी. गोंद घातला की कण तरंगतात, वाहतात आणि स्लीपरवर चढून बसतात. थेंब दूरवरून पडला तर खड्डाही पडतो.

क्रशरवरची कच ही तिची घरगुती बहीण. काळा दगड, रंग अस्सल, पोतंभर आणली तरी चहापाण्याच्या पैशात. चहाच्या गाळणीतून खाली पडेल ती घ्यायची आणि मैद्याच्या चाळणीवर राहील तेवढीच ठेवायची. पाण्यात तीनदा धुवायची. दगडाचं पीठ राहिलं तर गोंद वरच अडतो आणि पापुद्रा धरतो, खालची खडी सुटीच राहते. मीटरभर रुळाला शंभर-सव्वाशे ग्रॅम पुरते.

आणि एक गोष्ट, जी परदेशी पुस्तकं वाचून कळत नाही. दख्खनच्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट असतं. पिशवीत घातलेला जुन्या स्पीकरचा चुंबक वाळलेल्या कचेवरून फिरवा, मिशीसारखे कण चिकटून येतील. हे फेकायचे. ठेवले तर सुटे राहिलेले कण इंजिनाच्या मोटरच्या चुंबकाकडे उडी मारतात, दात्यांत शिरतात, आणि यार्डातल्या ३२१वर गोळा होऊन ट्रिप पिनला आडवे येतात. निओडिमियमचा जोरदार चुंबक वापरू नका, त्याला निम्मी खडी चिकटते आणि फेकायला काहीच उरत नाही. चुंबकाच्या आजूबाजूला वीतभर मात्र अक्रोडाचीच खडी घालावी. तिचं एक छोटं पाकीट मागवण्याचं एवढंच कारण.

घालायची पद्धत: चमच्याने रुळाच्या मध्ये, मऊ ब्रशने सारखी, स्लीपरच्या माथ्यापेक्षा अर्धा मिमी खाली. मग रुळावर ब्रशच्या दांड्याने टकटक, स्लीपरवरचे कण खाली बसतात. सांध्याच्या हलत्या जिभेखाली आणि सरकपट्टीजवळ खडी नाहीच, तिथे फक्त खडीच्या रंगाचा हात. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल ड्रॉपरने, खडी काळी पडेपर्यंत. लगेच एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, ड्रॉपर रुळाला टेकवून. अल्कोहोल वगळलं तर गोंद पाऱ्यासारखे गोळे करून वरच बसतो. रुळाचा माथा ओला असतानाच पुसायचा. चोवीस तास हात लावायचा नाही, जुलै-ऑगस्टात मुंबई-कोकणात तीन दिवस. वाळलं की व्हॅक्यूमच्या तोंडाला मोजा बांधून सुटे कण ओढायचे आणि पुन्हा एकदा २०६ गेज फिरवायचा. ट्रिप पिन कुठे खरडते ते आताच कळतं.

विकतचा सीनिक सिमेंट घ्यायची गरज नाही, तो पातळ केलेला गोंदच. फेविकॉलला आपल्या हवेत बुरशी धरते एवढी तक्रार खरी. पातळ मिश्रण दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये, ताजं करावं. बाहेरून आणलेली माती वापरण्याआधी ओव्हनमध्ये १५० अंशांवर तासभर भाजावी, नाहीतर पहिल्या पावसात डोंगरावर खरीच हिरवळ उगवते.

उभं गवत पेरणारं स्टॅटिक ग्रासचं यंत्र हा सीनरीतला एकमेव खरा आयात खर्च. नॉखचं ग्रास-मास्टर असो किंवा दुसरं, तत्त्व एकच: जाळीत उच्च दाबाचा विद्युतभार, नायलॉनच्या धाग्यांना तो मिळतो आणि ओल्या गोंदात ते उभे घुसतात. यंत्राची अर्थिंगची तार गोंदात ठोकलेल्या खिळ्याला लावायची, आणि खिळा पेरायच्या जागेपासून हातभर अंतरात हवा, लांब गेला की गवत आडवं पडतं. दमट हवेत भार गळतो, धागे गुठळ्या करतात. ऑक्टोबर ते मे हे काम करावं. पावसाळ्यात करायचंच असेल तर एसीच्या खोलीत, धागे आधी तांदळाच्या डब्यात ठेवून कोरडे केलेले. रंग निवडताना युरोपी हिरवा नको. घाटावर दसरा-दिवाळीनंतर कुसळी पिवळी पडते आणि मेपर्यंत तशीच असते. दोन भाग गव्हाळ, एक भाग फिक्कट हिरवा, असं डब्यातच मिसळावं. ४ मिमीचा धागा म्हणजे ३५ सेंमी गवत, तेवढं पुरतं. १२ मिमीचं गवत म्हणजे कमरेपर्यंत आलं. ते ओढ्याकाठी चिमूटभर.

झाडांचे डबे मागवू नयेत. तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या आणि फांद्या, त्यावर पाण्यात भिजवून मिक्सरमधून काढलेला स्पंज (कोरडा फिरवला तर तो तापून पात्याला चिकटतो), रंगासाठी भिंतीच्या रंगात घालतात ते स्टेनर. बास.

राहिलं वेदरिंग. व्हॅयेहोच्या पिगमेंटच्या ३५ मिलीच्या बाटल्या फार चांगल्या आहेत, आणि दोन घेतल्या तर कित्येक वर्षं पुरतात. पण त्यातला गंज म्हणजे आयर्न ऑक्साइड, आणि लाल कोब्यासाठी विकतात ती रेड ऑक्साइडची पूडही तेच. फरक फक्त दळणीचा. गेरू आणि पिवडीही चालते, पण चाळून नव्हे, निवळून. चमचाभर गेरू ग्लासभर पाण्यात ढवळा, मिनिटभर थांबा, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या ग्लासात ओता, तळाचा कचकचीत भाग टाकून द्या. दुसऱ्या ग्लासातलं रात्रभर बसू द्या, पाणी काढा, वाळवा. बोटात चोळलं तर टाल्कमसारखं लागेल. काळ्यासाठी काजळी. ऑइल पेस्टल घासून पूड करू नये, ती मेणकट असते, ब्रश फिरवला की चमकते.

पावडर गुळगुळीत रंगावर धरत नाही, म्हणून आधी मॅट कोट. आणि मॅट कोटाआधी चाकं आणि कपलर काढायचे. हे वाक्य दोनदा वाचावं. कपलरवर मॅट स्प्रे बसला की नकलचा सांधा चिकटतो, स्प्रिंग उडून जाईपर्यंत लोक तो टाचणीने उकरत बसतात. स्प्रिंग उडालीच तर केडीच्या सुट्या स्प्रिंगांचा नंबर ६२२. पाकीट हाताशी असू द्या, जमिनीवर शोधण्यात अर्थ नाही. दमट दिवशी लॅकर मॅट मारला तर पांढरट धुकं धरतं. तसंच मॅट लॅकरवर अल्कोहोलचा वॉश दिला तरी धरतं. घाबरू नका, कोरड्या दिवशी पुन्हा एक हलका मॅट हात दिला की बहुधा जातं. वॉशसाठी कॅमलची काळी ड्रॉइंग इंक चमचाभर, अर्धा लिटर आयसोप्रोपिलमध्ये. फळ्या, खिळे, झाकणाच्या कडा एका हातात उठून येतात.

बॉक्सएनवर सगळीकडे नारिंगी गंज थापणं ही सर्वांत सामान्य चूक. जुना गंज गडद तपकिरी असतो, नारिंगी फक्त ताज्या ओरखड्यात. बाहेरून धूळ खालून वर विरत जाते, हेडस्टॉकवर चाकांनी उडवलेले शिंतोडे येतात, आणि बोगी कोणत्याही रंगाची असो, ब्रेकच्या धुळीने तपकिरीच होते. खरा गंज आतल्या बाजूला, कारण माल भरताना-उतरवताना रंग घासून जातो. पावडर कोरड्या ब्रशने टोचत लावायची, ओढत नाही. वरून मॅट मारला की निम्मी दिसेनाशी होते, म्हणून आधी थोडी अति वाटेल इतकी.

शेवटी कपलर. काळा कुळकुळीत ठेवला तर सगळी वॅगन खोटी दिसते. खऱ्या कपलरला रंग नसतो, तपकिरी गंज असतो आणि घासणाऱ्या तोंडावर चकाकी. नकल मिटलेली ठेवून गडद तपकिरी ॲक्रिलिक अगदी पातळ, फक्त दर्शनी बाजूंना. वाळेपर्यंत दर मिनिटाला एकदा नकल उघड-मीट करायची. मग बोटाला लागलेला गेरू डोक्यावर पुसायचा, नकलच्या आतल्या वळणावर पेन्सिलीचं शिसं घासायचं. ट्रिप पिन काळी, टोकाला करडी, म्हणजे होजपाइप वाटते. पुन्हा ग्रॅफाइट, पुन्हा डबा, पुन्हा गेज.

ऑर्डर भरायची असेल तर क्रम असा: १४८ची पाकिटं, २०६, पिनची पक्कड, ग्रॅफाइट, ६२२. पैसे उरले तर गवताचं यंत्र. पिगमेंटच्या दोन बाटल्या आणि अक्रोडाची खडी जागा भरायला. बाकी यादी घेऊन हार्डवेअरवाल्याकडे जा.